‘दोन पेग पोटात गेले की मी मोकळा होतो’: वाचकांचे प्रश्न

तरुणांच्या पिण्याबद्दल गेल्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत दारू चांगली की वाईट, असं विचारणारं जवळजवळ कोणी नाही. बहुतेकांना स्वतःचं किंवा घरातल्या कुणाचं वागणं समजून घ्यायचं आहे. त्यातली सात पत्रं इथे घेतली आहेत.

एक हिशेब आधीच देतो, कारण तो पुढे सतत लागेल. मिलिलिटर गुणिले लेबलवरचे टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९, म्हणजे पोटात गेलेलं अल्कोहोल ग्रॅममध्ये. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा किंवा रमचा ३० मिलिलिटरचा स्मॉल पेग म्हणजे १० ग्रॅम. १८० मिलिलिटरची क्वार्टर ६० ग्रॅम. ५ टक्क्यांच्या बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली सुमारे २६ ग्रॅम, ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर ४१. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त पिण्याला अतिरेकी पिणं म्हणते. आपली एक क्वार्टर बरोबर त्या रेषेवर येते.

मी स्वभावाने बुजरा आहे. ऑफिसच्या पार्टीत पहिला अर्धा तास कोपऱ्यात फोन बघत बसतो. दोन पेग पोटात गेले की मोकळा होतो, जोक मारतो, मुलींशीही बोलतो. आता तर पार्टीच्या आधीच मित्राच्या रूमवर दोघांत एक क्वार्टर संपवून निघतो. दारूने माझा आत्मविश्वास वाढतो हे खरं आहे ना?
– वय २४, भांडुप

अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं तुमच्या अपेक्षेचं काम आहे, आणि ते कुठे दिसतं तेही सांगता येतं. पुढच्या वेळी घड्याळ बघा. पहिला घोट घेतल्यापासून किती मिनिटांत मोकळं वाटतं? पाच-सात मिनिटांत वाटत असेल, तर तेवढ्यात रक्तात फारसं काही पोहोचलेलं नसतं. पोट किती भरलं आहे त्यानुसार रक्तातलं प्रमाण शिखराला जायला अर्धा ते दीड तास लागतो. म्हणजे तो पहिला सैलपणा ‘आता मला बरं वाटणार’ या खात्रीचा असतो.

हे प्रयोगांनी तपासलेलं आहे. १९७३ साली अमेरिकेत ॲलन मार्लट आणि सहकाऱ्यांनी काही जणांना व्होडका-टॉनिक दिलं, काहींना नुसतं टॉनिक. दोन्ही गटांतल्या निम्म्यांना खरं सांगितलं आणि निम्म्यांना उलटं. ज्यांना ‘यात व्होडका आहे’ असं सांगितलं ते जास्त प्यायले, मग ग्लासात व्होडका असो वा नसो. पुढे १९७७ मध्ये याच पद्धतीने बुजरेपणा तपासला गेला. अनोळखी मुलीशी बोलताना, आपण दारू घेतली आहे असं समजणाऱ्या पुरुषांची धडधड कमी वाढली. यातही प्रत्यक्ष ग्लासात काय होतं याने फरक पडला नाही.

मात्र सगळंच मनाचा खेळ आहे असं समजू नका. तोल जाणं, प्रतिक्रिया मंदावणं, गाडी चालवताना अंतराचा अंदाज चुकणं हे अल्कोहोलच करतं. विश्वास असो वा नसो, ते होणारच. शिवाय दारूचा परिणाम दोन टप्प्यांत येतो. रक्तातलं प्रमाण चढत असताना तरतरी वाटते, उतरायला लागलं की सुस्ती येते आणि मन खाली जातं. तरतरी गेली म्हणून आणखी एक भरला, तर बहुधा सुस्तीच वाढते. बुजऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी ‘काल मी काय बोललो?’ ही धास्ती इतरांपेक्षा जास्त सतावते. ती घालवायलाही पुन्हा दारूच आठवते.

आमच्या मते खरं नुकसान श्रेयाच्या वाटपात आहे. गर्दीत शिरल्यावर वाढलेली धाकधूक बहुतेकांच्या बाबतीत वीस-तीस मिनिटांत आपोआप ओसरायला लागते. तेवढ्या वेळात तुमचे दोन पेग झालेले असतात, म्हणून श्रेय ग्लासाला जातं. आपली भीती आपोआप उतरते, हे शिकायची संधीच तुम्हाला मिळत नाही. आणि आता रूमवरूनच ३० ग्रॅम घेऊन निघता, म्हणजे ती भीती सुरूसुद्धा होऊ देत नाही.

पुढच्या तीन पार्ट्यांना हे करून बघा. जायच्या आधी कागदावर लिहा: ‘न पिता गेलो तर काय होईल?’ मोघम नको. ‘कोणी माझ्याशी बोलणार नाही’, ‘माझा आवाज कापेल’, असं नेमकं लिहा. लवकर पोचा. चार-पाच माणसं असताना बोलणं सोपं असतं, तीस जणांच्या घोळक्यात शिरणं अवघड. पहिली ४५ मिनिटं हातात फ्रेश लाइम किंवा सोडा ठेवा. काहीतरी काम मागून घ्या, म्हणजे जेवणाची ऑर्डर, फोटो, स्पीकर. पोचल्यावर, १५ मिनिटांनी, ३० मिनिटांनी आणि ४५ मिनिटांनी घाबरण्याला ० ते १० मधला आकडा द्या आणि फोनमध्ये टिपा. घरी आल्यावर आधी लिहिलेल्या कागदाशी ताडून बघा.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. पहिलं म्हणजे भीतीपोटी उशिरा पोचणं. तोवर बाकीचे चढलेले असतात आणि शुद्धीवरचा माणूस परका वाटतो. दुसरं म्हणजे फोनमध्ये डोकं घालणं. तोही एक पेगच आहे, भीती उतरायला वेळ देत नाही. तिसरी चूक जास्त फसवी. ‘दारू पिऊन जितका बोलतो तितका बोललो नाही, म्हणजे प्रयोग फसला,’ असं मन म्हणतं. तुमची कसोटी तेवढी मोठी नाही. आकडा ८ वरून ५ वर आला का, एवढंच बघायचं आहे. आणि एका वेळेने विश्वास बदलत नाही. अशा अपेक्षा मोडणाऱ्या कार्यक्रमांचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो, असं अभ्यासांत दिसलं आहे, म्हणून तीन पार्ट्या म्हटलं.

बुजरेपणा इंटरव्ह्यू, फोन, लिफ्टमधला शेजारी, सगळीकडेच आड येत असेल तर त्याला उपचार आहेत. वर्तन-विचार उपचाराची साधारण १२ ते १६ सत्रं लागतात आणि ते चांगले लागू पडतात. आणि एक कायद्याची गोष्ट: महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ लागतं, इतर मद्यासाठी २५. तुमची क्वार्टर अजून एक वर्ष कायद्यातही बसत नाही.

दोन मुलगे, दोन वर्षांचं अंतर. एकाच खोलीत वाढले, एकाच शाळेत शिकले. मोठा दारूला शिवत नाही. धाकटा २२ वर्षांचा, दर शनिवारी पिऊन येतो, दोनदा बाइकवरून पडला. यांचे वडील अधूनमधून घ्यायचे. माझं काय चुकलं?
– एक आई, लालबाग

काकू, जुळ्यांच्या अभ्यासांवरून असं दिसतं की दारूचा त्रास कोणाला होईल यातला सुमारे निम्मा वाटा अनुवंशिकतेचा असतो. आणि सख्ख्या भावांनाही तो सारखा मिळत नाही. तुमच्या चुकीचा शोध इथेच थांबवा, कारण त्यात जाणारी ताकद धाकट्यासाठी लागणार आहे.

संशोधकांनी पिण्याकडे ओढणाऱ्या स्वभावाच्या चार धाटण्या मांडल्या आहेत. एकाला छातीत धडधडलं, घाम आला की त्याचीच भीती वाटते. तो शांत होण्यासाठी पितो. एकाच्या मनात ‘माझं काही चांगलं होणार नाही’ असं बसलेलं असतं. तो विसरण्यासाठी पितो. तिसऱ्याला थरार हवा असतो. तो किकसाठी पितो, एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून पितो, पैजेवर पितो. चौथा उतावळा. त्याला मनात आलं की करायचंच असतं, पहिल्या पेगनंतर थांबणं त्याला सगळ्यात जड जातं. या स्वभावाची माणसं भांडणं, अपघात, पोलीस अशा लफड्यांत जास्त सापडतात.

स्वभाव थेट ग्लास हातात देत नाही. तो कोणता अनुभव लक्षात ठेवायचा ते ठरवतो. दोघे भाऊ एकाच लग्नात पहिल्यांदा प्यायले असं धरा. मोठ्याच्या लक्षात सकाळची उलटी राहते. उतावळ्या धाकट्याच्या लक्षात वरातीतला नाच राहतो, उलटी तो हसून सांगतो. पुढच्या वेळी एकाच्या मनात ‘दारू म्हणजे त्रास’ आणि दुसऱ्याच्या मनात ‘दारू म्हणजे मजा’ हे पक्कं झालेलं असतं. ही समज पहिल्या घोटाच्याही आधी सुरू होते. आठ-दहा वर्षांच्या, दारू न चाखलेल्या मुलांनाही ‘घेतल्यावर माणूस कसा होतो’ हे विचारलं तर उत्तरं तयार असतात. ‘बाबा दमून आलेत, घेऊ दे त्यांना’, हे वाक्य मूल नीट ऐकून ठेवतं.

तुमचा धाकटा तिसरा की चौथा, ते एका प्रश्नाने बरंचसं कळेल. रविवारी दुपारी, पोटभर जेवण झाल्यावर विचारा: ‘काल किती घ्यायची ठरवून गेला होतास आणि किती झाली?’ ठरवलं तेवढीच झाली आणि तीच खूप होती, तर थराराची ओढ. ठरवलंच नव्हतं किंवा ठरवलेलं मोडलं, तर उतावळेपणा. थरारवाल्याला ट्रेक, कबड्डी, गोविंदा पथक, ढोलपथक असं अंगात भिनणारं दुसरं काही लागतं. मात्र त्या टोळक्यात सरावानंतर ‘बसायची’ पद्धत नाही ना, हे आधी बघा. उतावळ्याला उपदेश करून काही होत नाही, त्याच्यासाठी आधीच लावलेली बंधनं उपयोगी पडतात: शनिवारी बाइकची चावी घरी, खिशात मोजके पैसे, कार्ड नाही, परतीची वेळ लोकलशी बांधलेली. शनिवारी रात्री दारात उभं राहून जाब विचारणं मात्र सोडून द्या. त्या वेळी त्याचं लक्ष समोरच्या एका गोष्टीपुरतं आकसलेलं असतं, आणि ती गोष्ट तुमचा चढलेला आवाज असते.

कॅनडातल्या पॅट्रिशिया कॉनरॉड यांनी याच चार धाटण्यांवर शाळकरी मुलांसाठी नव्वद मिनिटांची दोन सत्रं बसवली. प्रत्येक मुलाला त्याच्या स्वभावापुरतंच शिकवायचं, सगळ्यांना एकच ‘दारू वाईट’ नाही. अनेक देशांत त्याने पिणं कमी झाल्याचं दिसलं. दिलासा एवढा की उतावळेपणा आणि थराराची ओढ पंचविशीनंतर बऱ्याच जणांची उतरते, आणि पिणंही त्याबरोबर उतरतं. तोपर्यंत त्याला बाइकवरून सुखरूप ठेवणं, हे पहिलं काम.

श्रावणात मी थेंबही घेत नाही, थेट गणपती विसर्जनानंतर. तरी बायको म्हणते तुला व्यसन आहे. व्यसन असतं तर सुटली असती का?
– वय २८, दादर

दीड महिना सहज सोडता येते ही चांगली खूण आहे. रोज लागणारी, शरीराला जडलेली दारू अशी हात-पाय न थरथरता सुटत नाही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर श्रावणात नाही. ते गटारीच्या रात्री आणि विसर्जनानंतरच्या पहिल्या बैठकीत आहे. ‘आता महिनाभर मिळणार नाही’ म्हणून आधी कोटा भरणं आणि नंतर ‘दीड महिन्याची भरपाई’ करणं, हे दोन्ही होत असेल तर सुरू करण्यावर तुमचा ताबा आहे, थांबण्यावर नाही. बायकोला बहुधा तेच दिसतंय.

भरपाईच्या रात्रीचा एक वेगळा धोका असतो. दीड महिन्यात शरीराची सवय कमी झालेली असते आणि मनाला मात्र जुनाच आकडा आठवत असतो. जी क्वार्टर आषाढात पचली ती विसर्जनानंतर जास्त चढते.

यंदाचा श्रावण नुसता पाळण्यापेक्षा त्याचा उपयोग करा. ज्या ज्या वेळी आठवण येईल तेव्हा वार, वेळ आणि कारण दोन शब्दांत लिहा. शुक्रवारी सात वाजता स्टेशनबाहेरच्या परमिट रूमवरून जाताना आठवली, तर ती संगतीची किंवा मजेची. रात्री साडेअकराला अंथरुणावर आठवली, साहेबाशी वाजल्यावर आठवली, घरी भांडण झाल्यावर आठवली, तर ती त्रास बुजवायची. पिण्याच्या कारणांचा अभ्यास करणारे सहसा चार कारणं धरतात: संगत, मजा, दुःख-ताण बुजवणं, आणि गटात उठून दिसू नये म्हणून. यांत ताण बुजवायला पिणाऱ्यांना पुढे सगळ्यात जास्त अडचणी येतात, मग प्रमाण कमी असलं तरी. तुमच्या वहीत रात्री साडेअकराच्या नोंदी जास्त निघाल्या तर बायकोचं ऐका.

आणि विसर्जनानंतर बसायचंच असेल तर थांबायचं कुठे ते बसण्याआधी ठरवा. दुसरा पेग झाल्यावर ठरवायला गेलात तर ठरवणारा तुम्ही नसता. बाटली मागवू नका, पेग मागवा. टेबलावर खंबा आला आणि सगळ्यांनी कॉन्ट्री काढली की ‘पैसे दिलेत, संपवून उठू’ हे आलंच. अर्धा भरलेला ग्लास कुणाला भरू देऊ नका. हिशेब तिथेच हरवतो. आधी जेवा. भरल्या पोटी दारू रक्तात हळू जाते. चखण्याच्या खारट शेंगदाण्यांना जेवण समजू नका, त्याने तहानच वाढते. घरी पीत असाल तर एकदा तुमच्या अंदाजाचा ‘स्मॉल’ पाण्याने भरा आणि खोकल्याच्या औषधाबरोबर येणाऱ्या मापाने मोजा. पन्नास मिलिलिटर निघाला तरी आश्चर्य मानू नका.

मी व्हिस्की, रम काही घेत नाही. फक्त स्ट्राँग बिअर, दिवसाला दोन बाटल्या. याला दारू पिणं म्हणायचं का?
– वय २५, विक्रोळी

हो. दोन बाटल्या ८२ ग्रॅम, म्हणजे आठ स्मॉल पेग. ‘ही दारू नाही’ असं मानल्यामुळे दोन गोष्टी होतात: तुम्ही मोजत नाही, आणि दुपारीही चालते असं वाटतं. रोज एवढी घेत असाल तर शेवटच्या पत्राचं उत्तर नीट वाचा आणि अचानक बंद करू नका.

ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त पचवणारा मी. क्वार्टर मारून सरळ चालतो, गाडी चालवतो, मित्रांना घरी सोडतो. ज्याला चढत नाही त्याला धोका कमी, बरोबर?
– वय २६, मुलुंड

उलट आहे, आणि तुमचं पत्र आम्हाला या सगळ्यांत जास्त काळजीचं वाटलं. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी विशीतल्या तरुणांना ठरावीक दारू देऊन त्यांना किती चढते ते मोजलं आणि सुमारे दहा वर्षांनी पुन्हा गाठलं. ज्यांना विशीत कमी चढत होती, त्यांच्यात पुढे व्यसनाचं प्रमाण जास्त निघालं. विशेषतः ज्यांच्या वडिलांना व्यसन होतं त्यांच्यात हे दिसलं. कारण साधं आहे. ज्याला दोन पेगमध्ये गरगरतं त्याचं शरीरच त्याला थांबवतं. तुम्हाला तो इशारा मिळत नाही, म्हणून तीच मजा यायला तुम्ही जास्त ओतता. यकृत, रक्तदाब आणि अन्ननलिका मात्र ग्रॅम मोजतात, चढली की नाही ते विचारत नाहीत. ‘आपली कपॅसिटी आहे’ हा अभिमान ज्या टोळक्यात मिरवला जातो तिथे हा धोका दुप्पट होतो, कारण तुमच्या ग्लासात ओतायला सगळेच तयार.

आता गाडी. ७० किलो वजनाच्या पुरुषाने दोन तासांत क्वार्टर संपवली, तर उठताना त्याच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण ९० ते १०० मिलिग्रॅम अल्कोहोल असतं. कायद्याची मर्यादा ३० आहे. शरीर तासाला सुमारे १५ मिलिग्रॅम उतरवतं. म्हणजे पहिल्या घोटापासून सहा-साडेसहा तास तरी तुम्ही मर्यादेच्या वर आहात. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सरळ चालता येणं हा सरावाचा भाग आहे. अचानक समोर आलेल्या माणसासाठी ब्रेक मारायला लागणारा वेळ सरावाने तसा सुधारत नाही. मित्रांना सोडायचं काम आजपासून न पिणाऱ्याकडे द्या.

मी साताऱ्याहून नोकरीसाठी आले, अंधेरीत पीजीमध्ये राहते. टीममध्ये सगळेच पितात, मुलीसुद्धा. मला इच्छा नाही, पण काकूबाई म्हणतील अशी भीती वाटते. दोनदा नुसती सोबत म्हणून घेतली.
– वय २३, अंधेरी

‘सगळेच’ हा शब्द तपासून बघू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या पुरुषांत दारू घेणारे १८.८ टक्के आणि स्त्रियांत १.३ टक्के निघाले. काही जण, विशेषतः स्त्रिया, खरं सांगत नसतील. मुंबईतल्या ऑफिसात आकडा वरही असेल. तरी तो ‘सगळे’च्या जवळपास जात नाही. तरुण माणसं आपल्या वयाचे इतर जण किती पितात याचा अंदाज नेहमी वाढवून करतात, हे अनेक देशांत दिसलं आहे. कारण पिऊन गाणं म्हणणारा लक्षात राहतो, कोपऱ्यात कोक घेऊन बसलेली तिसरी मुलगी राहत नाही. पुढच्या वेळी नुसते ग्लास मोजा. कोण खरंच पितंय, कोणाचा एकच ग्लास दोन तास तसाच आहे. तुमच्यासारख्या आणखी एक-दोघी सापडायची चांगली शक्यता आहे, आणि एक सोबतीण मिळाली की दबाव एकदम हलका होतो.

नकार पहिल्या मिनिटात द्या, ऑर्डर घेतली जात असताना. ‘मी घेत नाही, माझ्यासाठी फ्रेश लाइम.’ कारण देऊ नका. ‘औषध चालू आहे’, ‘उपास आहे’ असं सांगितलं की पुढच्या शुक्रवारी नवीन कारण शोधावं लागतं, आणि लोक कारणाशी वाद घालतात. साध्या ‘घेत नाही’शी फार वेळ वाद घालता येत नाही. ग्लास सतत भरलेला ठेवा, रिकामा हात दिसला की आग्रह सुरू होतो. आपला ग्लास स्वतः आणा, नजरेआड ठेवू नका. बिल वेगळं करायला आधीच सांगा, म्हणजे न प्यायलेल्याची कॉन्ट्री भरून चिडचिड होणार नाही. परतीची सोय निघायच्या आधी ठरलेली असू द्या.

कधी स्वतःच्या इच्छेने घ्यावंसं वाटलं तर तेही तुमचंच ठरवणं आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा की स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, म्हणून त्याच वजनाच्या पुरुषाएवढं प्यायलं तरी रक्तातलं प्रमाण जास्त होतं. आणखी एक. पहिल्या उत्तरात सांगितलेला बुजरेपणाचा प्रयोग १९७९ मध्ये स्त्रियांवर केला, तेव्हा निकाल उलटा आला. ‘आपण प्यायलो आहोत’ असं समजणाऱ्या स्त्रिया जास्त अस्वस्थ झाल्या. लोक काय म्हणतील, सावध राहायला हवं, ही जाणीव त्यांच्या ग्लासात आधीच होती. तुमच्या दोन वेळांत मजा आली नसेल तर त्यात तुमचं काही कमी पडलं असं नाही.

भाऊ २७ वर्षांचा. नोकरी गेल्यापासून झोप यावी म्हणून रोज रात्री घेतो, आता सकाळीही. सकाळी हात थरथरतात. आई म्हणते माळ घालू, आजपासून बंद. शेजारच्यांनी नकळत जेवणात टाकायचं औषध सांगितलंय. काय करू?
– बहीण, कांदिवली

ताई, दोन्ही थांबवा. माळेवर श्रद्धा असेल तर ती जरूर घालावी, पण डॉक्टरांना दाखवून झाल्यावर. सकाळी हात थरथरणं आणि एक घोट घेतल्यावर थांबणं याचा अर्थ शरीराला दारूची सवय जडली आहे. अशा वेळी एकदम बंद केली तर सहा-बारा तासांत घाम, उलट्या, थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन माणूस नसलेल्या गोष्टी बघायला लागतो. यात जीव जाऊ शकतो. पूर्वी फिट आली असेल, तर घरी प्रयत्नच नको. डॉक्टर काही दिवस गोळ्या देऊन हळूहळू उतरवतात, आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. त्या गोळ्या मेडिकलमधून स्वतः आणू नका. जवळच्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावणार असतील तर ‘हा रोज पितो, आधी थायमिन द्याल का?’ असं स्पष्ट विचारा. ते न देता ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ जाहिरातींतल्या पुडीत काय असतं हे विकणाराही सांगत नाही. दारू सोडवण्यासाठी वापरलं जाणारं डायसल्फिराम हे औषध असलं तर त्यावर दारू घेतल्यावर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येतो. हे औषध वापरतात, पण रुग्णाला माहीत असताना, त्याच्या संमतीने, तपासण्या करून. नकळत देऊन जेवणावरचा आणि तुमच्यावरचा विश्वासही जातो.

त्याचा ‘घेतल्याशिवाय झोप येत नाही’ हा विश्वास मात्र ऐकून घ्या, खोडू नका. दारूने डोळा लवकर लागतो हे खरंच आहे. पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडते, पहाटे तीन-चारला जाग येते, घाम येतो. त्याला फक्त विचारा, ‘पहाटे किती वाजता उठतोस?’ उत्तर तोच देईल, आणि तिथून झोपेच्या डॉक्टरकडे जाऊ या असं म्हणणं सोपं जातं. ‘व्यसनमुक्ती’ हा शब्द पहिल्या दिवशी नाही काढला तरी चालेल. नोकरी गेल्यानंतरची उदासी वेगळी तपासून घ्यायला हवी. जगण्यात अर्थ नाही असं तो बोलत असेल तर आजच.

केईएम, नायर, सायन आणि जेजे या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, बाह्यरुग्ण विभागात कमी खर्चात दाखवता येतं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. व्यसनासाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन १४४४६. भाऊ तयार नसला तरी तुम्ही एकट्या फोन करू शकता. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या मराठी सभा मुंबईत विनामूल्य होतात, आणि घरच्यांसाठी अल-ॲनॉनच्या वेगळ्या सभा असतात.

जाताना एका कागदावर हे लिहून न्या: रोज किती मिलिलिटर, कोणती, किती वाजता पहिली, किती महिने, शेवटची कधी घेतली, पूर्वी फिट, कावीळ, रक्ताची उलटी झाली का, आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत. तिथे बहुधा दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतील. ४० पैकी ८ किंवा जास्त गुण म्हणजे पिणं धोक्याचं, २० किंवा जास्त म्हणजे सवय जडल्याची दाट शक्यता. उत्तरं भावाला स्वतः देऊ द्या, तुम्ही बाहेर बसा. आणि दवाखान्यात पोचेपर्यंत, थरथर वाढत असेल तर त्याला घोटभर घेऊ द्यावी लागली तरी आईने रागावू नये, हे आईला आधी समजावून सांगा.